तुलना आणि पासंग : पुरुषी निरूपणाच्या संकल्पनेची चिकित्सा

१

इंग्रजीतील 'मॅन्स्प्लेनिंग' ही संज्ञा गेल्या दीड दशकात स्त्रीवादी चर्चेत स्थिरावली आहे. स्त्रीला जे आधीच ठाऊक आहे, किंबहुना ज्या विषयात तिचा अधिकार सांगणाऱ्याहून मोठा आहे, ते तिला ठाऊक नसणारच असे गृहीत धरून पुरुषाने समजावून सांगणे, असा तिचा स्थूल अर्थ आहे. अमेरिकी लेखिका रेबेका सोल्निट यांच्या २००८ सालच्या निबंधाशी या संज्ञेचे नाते जोडले जाते. एका मेजवानीत एक प्रतिष्ठित गृहस्थ त्यांना छायाचित्रकार मायब्रिज यांच्यावरील एका महत्त्वाच्या पुस्तकाची माहिती देऊ लागले. ते पुस्तक सोल्निट यांचेच होते आणि सोबतच्या मैत्रिणीने तसे वारंवार सांगूनही त्या गृहस्थांपर्यंत ते पोहोचेना. मात्र हा शब्द निबंधात नाही. तो नंतर इतरांनी घडविला आणि स्वतः सोल्निट यांनी त्याविषयी संदिग्धता व्यक्त केली आहे. २०१८ साली ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात त्याची नोंद झाली.

मराठीत या कृतीला जवळचे शब्दप्रयोग पुष्कळ आहेत. 'अक्कल शिकवणे', 'शहाणपण सांगणे', 'उपदेशाचे डोस पाजणे' हे त्यांपैकी काही. परंतु यांतील एकाही प्रयोगाला लिंग नाही. सासू सुनेला, शिक्षक विद्यार्थ्याला, शहरी माणूस खेडुताला अक्कल शिकवू शकतो. इंग्रजी संज्ञेने जे केले ते असे, की या सर्वसामान्य दोषाला एका विशिष्ट सत्तासंबंधाचे नाव दिले. तेव्हा येथे प्रश्न भाषांतराचा नसून निवाड्याचा आहे. एका सर्वत्र आढळणाऱ्या दोषाला पुरुषाचे नाव देणे न्याय्य आहे काय? आणि असल्यास कोणत्या मर्यादेत?

या प्रश्नाचा विचार आयात संकल्पनेची मराठी उदाहरणे शोधण्यापुरता राहिला, तर तो उपऱ्या सिद्धान्ताचे उपयोजन ठरेल. वस्तुतः हा प्रश्न मराठीत, आणि तोही वऱ्हाडच्या भूमीवर, फार पूर्वी उपस्थित झालेला आहे. रिद्धपूर, बुलढाणा आणि अमरावती या तीन ठिकाणांशी निगडित असलेल्या तीन स्त्रियांच्या वाङ्मयीन कृतींतून या संकल्पनेची व्याप्ती, तिचा आधार आणि तिची मर्यादा तपासणे शक्य आहे. प्रस्तुत विवेचनात 'पुरुषी निरूपण' हा पर्याय योजला आहे. निरूपण ही कीर्तन-प्रवचनातील प्रतिष्ठित कृती आहे. दोष निरूपणात नसून त्याच्या विशिष्ट वापरात आहे, हे या पर्यायातून सूचित व्हावे.

२

१८८१ साली सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती शिक्षा सौम्य करून काळ्या पाण्याची करण्यात आली. या प्रकरणाच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या नीतीविषयी चर्चा सुरू झाली आणि 'पुणेवैभव' पत्राने स्त्रीजातीच्या स्वैरतेवर टीका केली. वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी या चर्चेला उत्तर म्हणून 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध लिहिला. तो १८८२ साली पुण्यात छापला गेला. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे सरकारी कचेरीत नोकरीस होते आणि सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. ताराबाईंना मराठीसह इतर भाषांचे शिक्षण घरीच मिळाले. मराठा घराण्यातील रीतीप्रमाणे त्यांचा वावर मात्र घराच्या चौकटीतच होता.

या चर्चेची रचना पाहण्यासारखी आहे. विषय स्त्रियांचा आहे, आरोपी स्त्री आहे आणि दंडही स्त्रीला झालेला आहे. बोलणारे मात्र सर्व पुरुष आहेत. वैधव्याचा अनुभव, गर्भारपणाची भीती आणि अब्रूचे ओझे या गोष्टींचे प्रत्यक्ष ज्ञान ज्यांना आहे, त्यांना कोणी विचारलेले नाही. उलट त्यांचा स्वभाव कसा आहे, हे त्यांनाच समजावून सांगितले जात आहे. पुरुषी निरूपणाची ही मूळ घडण होय. दैनंदिन संभाषणात एखादा पुरुष एखाद्या स्त्रीला तिचाच विषय समजावतो, तेव्हा ती या व्यापक ज्ञानव्यवहाराची एक लहानशी आवृत्ती असते.

ताराबाईंच्या उत्तराची पद्धतही तितकीच लक्षणीय आहे. स्त्रियांच्या दोषांची यादी देणारा एक संस्कृत श्लोक त्या पुढे ठेवतात आणि त्यातील एकेक दोष घेऊन, तो अधिक कोणात आढळतो याची झडती घेतात. साहस, कपट, अविचार, मोह ही सारी विशेषणे त्या पुरुषांच्या आचरणावर लावून पाहतात. त्याचबरोबर 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या तत्कालीन कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाचाही त्या समाचार घेतात. मराठी समीक्षेच्या दृष्टीने ही बाब विशेष मोलाची आहे. पुरुषांनी लिहिलेल्या संहितेतील स्त्रीप्रतिमा आणि वाचणाऱ्या स्त्रीचा अनुभव यांतील अंतर मोजण्याचा हा बहुधा पहिला मराठी प्रयत्न असावा. ताराबाई केवळ समाजसुधारणेच्या इतिहासात नव्हे, तर समीक्षेच्या इतिहासातही बसतात, हे त्यामुळे मान्य करावे लागते.

त्यांच्या ग्रंथाचे शीर्षक 'तुलना' असे आहे. तुला म्हणजे तराजू. दोन पारड्यांत दोन वस्तू ठेवून एकाच काट्याने मोजणे हा या शब्दाचा मूळ आशय होय. पुरुष निर्दोष नाहीत एवढेच ताराबाई सांगत नाहीत. ज्या मापाने स्त्रीला मोजले, त्याच मापाने पुरुषाला मोजण्याचा हक्क त्या मागतात. हा मुद्दा पुढील विवेचनात निर्णायक ठरणारा आहे.

ग्रंथाचे पुढे काय झाले तेही या विषयाचाच भाग आहे. पुस्तकाची हेटाळणी झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांना सुनावले. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आढळत नाही. डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ साली हा निबंध पुन्हा प्रकाशित केला, तोवर ९३ वर्षे लोटली होती. म्हणजे ज्या निरूपणाला ताराबाईंनी उत्तर दिले ते निरूपण चालूच राहिले आणि उत्तर मात्र वाङ्मयेतिहासाच्या बाहेर पडले. पुरुषी निरूपणाची किंमत ऐकणाऱ्या स्त्रीच्या क्षणिक त्राग्यात मोजून चालत नाही. तिचे बोलणे नोंदीतून गळते, ही त्याची खरी किंमत होय.

३

पुरुषाने स्त्रीला केलेले प्रत्येक निरूपण या संज्ञेत बसते काय? बसत नाही, आणि याचा पुरावा अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळतो. महानुभाव पंथाचे हे महत्त्वाचे स्थान. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे होते आणि म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस 'लीळाचरित्रा'चे संकलन येथेच केले. शासनाने स्थापन केलेले मराठी भाषा विद्यापीठही आता येथेच आहे. मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचा उल्लेख होतो ती महादाइसा याच परंपरेतील. तिचे 'धवळे' गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात रचले गेले.

'लीळाचरित्रा'तील महादाइसेचे वैशिष्ट्य म्हणजे तिचे प्रश्न. ती चक्रधरांना सतत विचारते, उत्तराने समाधान न झाल्यास पुन्हा विचारते आणि चक्रधर उत्तर देतात. येथेही सांगणारा पुरुष आहे आणि ऐकणारी स्त्री. तरीही याला पुरुषी निरूपण म्हणता येत नाही. कारण येथे निरूपणाचा आरंभ स्त्रीच्या जिज्ञासेतून होतो, विषय तिने निवडलेला असतो आणि तिच्या समजुतीच्या पातळीचा अंदाज तिच्या प्रश्नावरून घेतलेला असतो. सांगणाऱ्याचा अधिकार तिने स्वतः मान्य केलेला आहे.

याच परंपरेतील दुसरी आठवण 'स्मृतिस्थळा'त आहे. केशिराजांसारख्या संस्कृतज्ञ शिष्याला नागदेवाचार्यांनी संस्कृत रचनेपासून परावृत्त केले, कारण त्यामुळे पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानापासून वंचित झाल्या असत्या. मराठी भाषेच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. पण त्याचे दुसरेही मर्म आहे. श्रोत्याला कळत नसेल तर दोष श्रोत्याच्या बुद्धीचा न मानता सांगणाऱ्याच्या भाषेचा मानावा, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले आहे. पुरुषी निरूपणात नेमके याच्या उलट घडते. तेथे सांगणाऱ्याची भाषा निर्दोष असते आणि अज्ञान ऐकणारीच्या ठिकाणी आधीच नेमून दिलेले असते.

शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांचे कीर्तन हे विसाव्या शतकातील उदाहरणही याच मालिकेत ठेवता येईल. बाबा वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत, त्यांच्याकडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरातूनच निरूपण पुढे नेत. श्रोता अडाणी असेल, पण तो विचारशून्य नाही, या विश्वासावर ते निरूपण उभे असे.

या उदाहरणांवरून पुरुषी निरूपणाची तीन लक्षणे निश्चित करता येतात. पहिले, ऐकणारीला त्या विषयाचे ज्ञान किंवा अनुभव सांगणाऱ्याइतका अथवा त्याहून अधिक असतो. दुसरे, सांगणारा त्याची चौकशी करीत नाही आणि ते लक्षात आणून दिले तरी त्याची दखल घेत नाही. तिसरे, तिच्या अज्ञानाविषयीचे त्याचे गृहीत समोरच्या कोणत्याही पुराव्यातून न येता ती स्त्री आहे एवढ्यावरूनच आलेले असते. वऱ्हाडी घरांतील 'तुले काय समजते त्यातलं' हे वाक्य अनेकदा उच्चारले जात नाही, पण निरूपणाच्या आधी ते मनात म्हटलेले असते. तिन्ही लक्षणे एकत्र असतील तेथेच ही संज्ञा लागू होते. केवळ लांबलचक बोलणे, उत्साहाच्या भरात माहिती देणे किंवा मतभेद व्यक्त करणे म्हणजे पुरुषी निरूपण नव्हे.

४

आता या संज्ञेवरील आक्षेपांचा विचार करावयास हवा. पहिला आक्षेप असा, की ती सरसकटीकरण करते. काही पुरुषांच्या दोषाला साऱ्या पुरुषजातीचे नाव देते आणि म्हणून ज्या अन्यायाचा ती निषेध करते त्याच अन्यायाची पुनरावृत्ती करते. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. तो ताराबाईंवरही घेता येतो. एका श्लोकाने स्त्रीजातीवर सरसकट दोष लादला म्हणून त्यांनी ते सारे दोष पुरुषजातीच्या पदरात टाकले, असे म्हणता येईल.

परंतु दोन्ही कृतींची तर्करचना सारखी नाही. श्लोकातील विधान स्त्रीच्या स्वभावाविषयी आहे, म्हणून कोणतेही आचरण त्याचे खंडन करू शकत नाही. ताराबाईंची विधाने पुरुषांच्या कृतींविषयी आहेत. पुनर्विवाहाचा हक्क, संपत्ती, कायदा आणि लेखणी कोणाच्या हाती आहे, हे त्या विचारतात. त्याची पडताळणी करता येते. नाव देणे न्याय्य आहे की नाही, याची कसोटी ते नाव कोणाला लागते ही नसून ते पडताळून पाहता येते की नाही, ही आहे. 'पुरुषी निरूपण' ही संज्ञा कृतीविषयी वापरली तर ती या कसोटीला उतरते. ती पुरुषाच्या स्वभावाविषयी वापरली, म्हणजे पुरुष समजावतो तेव्हा तो असेच करणार असे मानले, तर ती त्या संस्कृत श्लोकाच्या पंक्तीला जाऊन बसते.

दुसरा आक्षेप तर्कशास्त्रीय आहे. ही संज्ञा विधानाचा विचार न करता विधान करणाऱ्याच्या लिंगाचा विचार करते आणि त्यामुळे वादाचे तोंड बंद करते. येथे एक भेद पाळणे आवश्यक आहे. पुरुषी निरूपण हा आरोप विधानाच्या सत्यतेवर नसतो. तो सांगणाऱ्याने घेतलेल्या स्थानावर असतो. सोल्निट यांना त्या गृहस्थांनी सांगितलेले सारे खरे असू शकेल. तरीही ते पुरुषी निरूपणच ठरते. याचाच व्यत्यास असा, की एखादे बोलणे पुरुषी निरूपण आहे असे सिद्ध झाले तरी ते असत्य आहे असे सिद्ध होत नाही. संज्ञेचा उपयोग विधान खोडण्यासाठी करणे ही कोटिभ्रष्टता आहे आणि अशा वापराविरुद्ध घेतलेला आक्षेप पूर्णपणे योग्य आहे. पण तो आक्षेप वापरावर आहे. त्यामुळे संकल्पना बाद होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. निरूपणाची ही मक्तेदारी केवळ लिंगावर उभी नसते. जात, वर्ग, प्रदेश आणि प्रमाणभाषा हे तिचे तितकेच भक्कम आधार आहेत. वऱ्हाडी बोलीला 'अशुद्ध' ठरवून पुण्या-मुंबईच्या प्रमाणभाषेने वऱ्हाडच्या लेखकाला भाषा शिकविली, तेव्हा शिकविणारा आणि शिकविला जाणारा असे दोघेही बहुधा पुरुषच होते. स्त्रियाही या व्यवहारातून मुक्त नाहीत. शर्मिला रेगे यांनी १९९८ सालच्या आपल्या निबंधात दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याचा प्रश्न मांडला. दलित स्त्रीचे अनुभव सवर्ण स्त्रीवादाच्या चौकटीत परस्पर अर्थान्वित केले जातात, हे त्यामुळे चर्चेच्या ऐरणीवर आले. जी स्त्री एका नात्यात निरूपणाचा विषय असते, ती दुसऱ्या नात्यात निरूपणकार असू शकते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथाचे महत्त्व या संदर्भात जाणवते. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांविषयी निरूपण करण्याआधी त्यांना विचारावे, ही त्या ग्रंथाची पद्धतच एक सैद्धान्तिक भूमिका आहे.

या आक्षेपाने संज्ञा खोटी ठरत नाही, अपुरी ठरते. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीतील कौतिककडे पाहिले म्हणजे हे अपुरेपण स्पष्ट होते. संसाराचे कर्तेपण कौतिकचे आहे आणि घरचा कर्ता म्हणून नाव महादेवचे. महादेव तिला काही समजावीत बसत नाही. त्याच्या निष्क्रियतेचा भार ती वाहते. येथे अन्याय आहे, पण तो निरूपणाचा नाही. वऱ्हाडच्या कापसाच्या शेतात निंदण आणि वेचणी प्रामुख्याने बाया करतात आणि सातबारा ज्याच्या नावे असतो त्याला 'शेतकरी' म्हटले जाते. हेही केवळ संभाषणाच्या पातळीवर समजणारे वास्तव नाही. पुरुषी निरूपण ही संज्ञा मुख्यतः शिक्षित, बोलक्या वर्गातील स्त्रीच्या अवहेलनेचे नाव आहे. तिच्यात साऱ्या स्त्रीजीवनाचे दुःख कोंबणे म्हणजे पुन्हा कोणाचे तरी बोलणे न ऐकणे होय.

५

कुसुमावती देशपांडे यांचा जन्म १९०४ साली अमरावतीत झाला. नागपुरात त्यांनी इंग्रजी साहित्याचे अध्यापन केले. 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या ग्रंथातून त्यांनी मराठी कादंबरीच्या शंभर वर्षांचे विवेचन केले. पहिली मराठी कादंबरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'पासून (१८५७) मराठी कथनसाहित्यात सुधारक पुरुष आणि शिकणारी स्त्री ही जोडी वारंवार दिसते. अशा साहित्याचा इतिहास एका स्त्रीने लिहिला, म्हणजे निरूपणाची दिशाच बदलली. जिला समजावले जात होते, तिनेच समजावणाऱ्यांच्या वाङ्मयाचे मूल्यमापन केले. १९६१ साली ग्वाल्हेर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १८७८ सालच्या पहिल्या ग्रंथकार संमेलनापासून मोजले तर तोवर ८३ वर्षे झाली होती. अध्यक्षीय भाषण हा साऱ्या मराठी समाजाला उद्देशून केलेल्या निरूपणाचाच प्रकार आहे आणि आठ दशके तो केवळ पुरुषांचा होता. पुढे दुर्गा भागवत, शान्ता शेळके, विजया राजाध्यक्ष, २०१९ साली यवतमाळला अरुणा ढेरे आणि २०२५ साली दिल्लीला तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या. ९८ संमेलनांत ही नावे सहाच भरतात.

कुसुमावतींच्या समीक्षालेखांच्या संग्रहाचे नाव 'पासंग' आहे. तराजूची दोन पारडी समतोल नसली म्हणजे हलक्या पारड्याला जे वजन बांधतात त्याला पासंग म्हणतात. ताराबाईंनी तुला मागितली. पण तुला हाती आली तरी तिची पारडी मुळातच असमान असतील तर काय करावे, हा पुढचा प्रश्न उरतो. स्त्रीच्या शब्दाला एका पारड्यात कमी वजन मिळत असेल, तर तिला आणि पुरुषाला 'एकाच काट्याने' मोजणे हीही फसवणूकच ठरते. अशा वेळी पासंग बांधावा लागतो. 'पुरुषी निरूपण' ही संज्ञा असा पासंग आहे.

या प्रतिमेतून संज्ञेचे समर्थन आणि तिची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. सामान्य दोषाला लिंगनिरपेक्ष नाव असतानाही त्याचा विशिष्ट, वारंवार घडणारा आणि नोंदीतून स्त्रीला वगळणारा प्रकार अदृश्य राहतो. तो दृश्य करण्यासाठी वेगळे नाव लागते, म्हणून संज्ञा न्याय्य आहे. परंतु पासंग बांधण्यापूर्वी पारडी रिकामी ठेवून असमतोल पाहावा लागतो. तो न पाहता बांधलेला पासंग म्हणजे काटा मारणे होय. कापसाच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या माप पाहिलेल्या वऱ्हाडला हा भेद वेगळा सांगावा लागत नाही. प्रत्येक प्रसंगी तीन लक्षणांची तपासणी करणे, हेच ते रिकामी पारडी पाहणे आहे. आणि ज्या दिवशी पारडी समान होतील त्या दिवशी पासंग सोडून ठेवावा लागेल. तोवर तो सोडा असे सांगण्याचा अधिकार जड पारड्यात बसलेल्यांचा नव्हे.